बंगल्यातली बाई

मोहन्यातल्या ब्रिटिशांच्या काळच्या ओसाड बंगल्यात, भर दुपारी ओट्यावर एक बाई बसलेली दिसते, अशी गल्लीत बोलवा होती. अमावास्येला बायका फाटकाशी दहीभात ठेवायच्या. एरवी दुपारचं तिकडे कोणी फिरकायचं नाही.

अक्षदा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना पेज भरवत होती. आतून सासरे दुसऱ्यांदा चहा मागत होते. तेवढ्यात शेजारचा प्रणित आला.

"वहिनी, उद्या आम्ही मित्र बंगल्यात कॅमेरा लावून बसणार. सगळी फेकाफेकी आहे, बघाच तुम्ही."

अक्षदाचा हात थांबला. "नको रे जाऊस. मी पाहिलंय तिला."

प्रणितचा चेहरा उतरला. "काय सांगता! काही करते का ती?"

"तिला एकटं सोडलं तर कोणाला काही करत नाही," अक्षदा म्हणाली.

प्रणितने तिथूनच मित्रांना फोन लावला आणि बेत रद्द केला.


दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर अक्षदा हळूच दार ओढून निघाली आणि बंगल्याच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथे तिला कोणी हाक मारत नव्हतं.