अर्धं उचललेलं पान

“झालं का गं वाचून, गोगलगाई?” अंगठा जिभेला लावून, पान अर्धं उचलून बाबा लेकीसाठी थांबायचे.

ते जाऊन वर्ष झालं. जीर्ण धर्मग्रंथ टाकायचा नाही, माणसासारखा मातीत ठेवायचा, ही यहुदी रीत. जुन्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, गूढ चिंतनाचं त्यांचं लाडकं पुस्तक आज पुरायला न्यायचं होतं. लेकीने ते शेवटचं म्हणून उघडलं.

पानाचा कोपरा ओला होता. तिने पुसला, पान उलटलं. पुढचाही ओला. त्यापुढचा तर कोमट.

शेवटच्या पानाचा कोपरा मात्र कोरडा होता. तिच्या देखत त्यावर अंगठ्याएवढा डाग उमटला, पान आपसूक अर्धं उचललं गेलं आणि थांबलं.

“झालं वाचून, बाबा,” ती म्हणाली. “अक्षर न् अक्षर तुम्ही दिलंत. तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही. फार उपकार झाले तुमचे.”