निम्म्या विजेची मोटर

जतच्या माळावर अर्जुनाने विहिरीवर निम्म्या विजेत तेवढंच पाणी ओढणारी मोटर बसवली आणि गावभर मिरवला. त्याच्या बायकोचा, तानुबाईचा, जीव मेंढरांत.

"आवं, वीज वाचंल तसं हिरीचं पाणीबी वाचू द्या. उन्हाळ्यात मेंढरास्नी काय पाजायचं?"

"येडी हायस का? वीज वाचतीया म्हणून तर ज्वारी मोडून ऊस लावायचा."

ऊस म्हटलं की माणसाची अक्कल चरायला जाते. मोटर दिवसरात्र चालली. होळीआधीच विहिरीचा तळ उघडा पडला.

चैत्रात मोटरच्या कंपनीची पोरगी चौकशीला आली. "काकू, नवी मोटर वीज कमी खाते ना?"

मेंढरं पाण्याच्या कोरड्या डोणीत तोंड घालून उभी होती. त्यांच्याकडं बघत तानुबाई म्हणाली, "लय कमी. म्हैना झाला, विजेला तोंडबी लावलं न्हाई तिनं."