लाल पानांचा भात

यंदा रावजींच्या खाचरातली रोपं लालभडक झाली होती. या नव्या वाणाचं तसंच होतं. जमिनीत कॅडमियम हा विषारी धातू असला की पानं लाल होत आणि रोप ते विष मुळांतच कोंडून ठेवी, दाण्यापर्यंत जाऊ देत नसे.

नवान्नाच्या दिवशी, बाळंतपणाला माहेरी आलेल्या सुलूने नव्या तांदळाचा भात वाढून घेतला. रावजींनी तिचं ताट ओढलं.

"तू खायचा नाहीस. तुझी आई याच शेताचा भात खाऊन गेली."

"तो जुन्या वाणाचा तांदूळ होता, बाबा. तेव्हा पानं हिरवीच राहायची, कुणाला कळणार? हा तपासून आणलाय. की कणगी भरून ठेवणार आणि लेकीला रेशनचा घालणार?"

"मग आज मी खातो. मला काही झालं नाही, तर उद्या तू खा."

सुलूला हसू आलं आणि डोळेही भरले. "हे विष असं एका दिवसात कळतं होय? आईची किडनी जायला किती वर्षं लागली!"

बाहेर कापायचं राहिलेलं लाल शेत वाऱ्यावर डुलत होतं. रावजींनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी ताट तिच्यापुढे सरकवलं आणि आपल्या हाताने भातावर तूप वाढलं.