सुजलेला जबडा

सकाळी पावणेनऊला दंतवैद्यांनी दवाखान्याचे कुलूप काढले, उपकरणे निर्जंतुक करायला लावली आणि रुग्णांच्या बाकासमोरच्या काचेच्या टाकीपाशी येऊन ते उभे राहिले. पिवळ्या मासोळीने आजही खाद्याकडे ढुंकून पाहिले नव्हते.

“अठरावा दिवस,” ते म्हणाले.

बोटभर लांबीची ही मासोळी मूळची आफ्रिकेतल्या एका तळ्यातली. एका रुग्णाने ती प्रेमाने दिली होती, निळ्या जोडीदारासकट. निळा टाकीभर मिरवत होता. ही मात्र दगडाआड गाल फुगवून बसायची आणि काही न खाताच चघळल्यासारखा जबडा हलवायची. पोट खपाटीला गेले होते.

“बाबा, लोक हसतात हो,” मुलगी म्हणाली. तीही दंतवैद्य, शेजारची खुर्ची तिची. “काल एक आजी म्हणाल्या, घरच्या माशाची दाढ बरी होईना, माझी काय करणार हे?”

“हसू देत. गळू झालंय तिला. तीस वर्षं सुजलेले जबडेच बघतोय मी.”

“माणसांचे!”

“जबडा तो जबडा. आज फोडलं नाही, तर उपाशी मरेल गं ती.”

त्यांचा आवाज ऐकून मुलीने थट्टा आवरती घेतली. बाह्या सरसावून म्हणाली, “चला, मी धरते.”

मासोळीला अलगद काचेच्या वाडग्यात घेतले. एवढ्या धडपडीतही तिने तोंड घट्ट मिटून ठेवले होते. दंतवैद्यांनी भिंगाचा चष्मा चढवला, दिवा खाली ओढला, सर्वांत बारीक सुई उचलली आणि ते वाकले. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मग त्यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. दिवा भिंतीकडे वळवला. एक मोठी बरणी टाकीतल्या पाण्याने भरली, मासोळीला तिच्यात सोडले आणि बरणी निळ्याच्या नजरेआड, खिडकीच्या सावलीत नेऊन ठेवली.

“अहो बाबा! गळू?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि चष्मा तिच्या हातात दिला.

मुलगी बरणीवर वाकली. मासोळीने क्षणभर ओठ विलग केले. आतून, टाचणीच्या टोकाएवढ्या डोळ्यांच्या दहा-बारा जोड्या दाटीवाटीने तिच्याकडे बघत होत्या.