जोडपट्टी

बाळंतिणीला तेल लावताना शैलजाबाईंचा हात लेकीच्या दंडावर अडला. कातडीला टिकलीएवढी जोडपट्टी चिकटली होती. ती लावून एकानं चाललं, की दुसऱ्याच्या रक्तातली साखर जळायची; पट्टी निघाली, की पुन्हा चढायची. पण चालणाऱ्याचं अंग झिजायचं, म्हणून बाळंतिणींना तिची बंदी होती.

"नूपुर, माझ्या साखरेच्या यंत्राला जोडलीस ही?"

नूपुरनं दंड मागं ओढला. कुशीतलं बाळ कोरडी छाती ओढून रडत होतं.

"तरीच दूध आटलं! मी मेली रोज अळिवाची खीर करतेय. मला वाटलं, माझ्या हाताचा गुणच गेला."

"आई, पाळी गेल्यापासून तुझं वजन, साखर, रक्तदाब, काही आवरेना. गोळ्याही लागू पडेनात. माझ्या चालण्यानं उतरतंय, तर उतरू दे ना गं."

"आणि लेकराच्या तोंडचं?"

"वरचं देऊ."

"वरचं ओकतोय तो. वाळत चाललाय, दिसत नाही तुला?"

त्यांनी पट्टी खसकन उपटली आणि चुरगाळून टाकली. त्यांच्या मनगटावरच्या यंत्रातला आकडा चढू लागला.

"आई, पाया पडते तुझ्या! हृदयावर येईल म्हणालेत डॉक्टर."

"मला चालायलाही सांगितलंय त्यांनी."

सुजलेल्या गुडघ्यांवर हात रेटून शैलजाबाई उठल्या. भिंत धरून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा निघाल्या. आकडा चढतच होता.

"बस ना गं थोडी," नूपुर रडत म्हणाली.

"तू पाज त्याला," धापा टाकत त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.