नव्या हाताचा विमा

“गाडी कोण चालवत होतं?” विमा कंपनीच्या सर्व्हेअरने विचारले.

“मी,” रुपराव म्हणाले.

उत्तर ठरलेलेच होते. त्यांच्या मुलाने, अमोलने, ते सकाळी त्यांच्याकडून वदवून घेतले होते. तरीही त्यांचा आवाज असा कापला की अमोलला धास्ती वाटली. खोटे बोलण्याची सवय नाही, दुसरे काय, असे मानून त्याने घाईघाईने पुस्ती जोडली, “तीस वर्षं एसटी चालवली साहेब, बाबूजींनी. एक कोंबडी नाही मारली आजवर!”

सदर भागातल्या गॅरेजात गाडी उभी होती. पुढचा बंपर लोंबत होता. डावा दिवा फुटला होता. मिस्त्रीने सांगितलेला खर्च ऐकून अमोलच्या कपाळावरची आठी अद्याप गेली नव्हती. त्याची बायको श्वेता जरा दूर उभी होती. तिला लायसन्स मिळून तीनच महिने झाले होते. कुही गावच्या शाळेत ती शिकवत असे, आणि गाडी हाती आल्यापासून बसमागची तिची धावपळ संपली होती. रविवारी ती सासऱ्यांना रामटेकला दर्शनासाठी घेऊन गेली. दोघे परतले तेव्हा दारात उभ्या असलेल्या अमोलने आधी फुटलेला दिवा पाहिला, आणि मग स्टिअरिंगमागे बसलेली श्वेता. विचारण्यासारखे त्याला काही उरले नाही. त्याने किल्ली मागितली. तिने ती मुकाट्याने दिली. त्या मौनालाच त्याने कबुली मानले.

“आता बसनंच जात जाय,” तो म्हणाला होता. “क्लेम केला की पुढच्या वर्षी सूट जाते, हप्ता वाढते. तुह्या शिकण्याची फी मी काहून भरू?”

विम्याविषयी त्याचे एक पक्के मत होते. नवा हात कंपनीला महाग पडतो. म्हणजे कंपनी तो आपल्याकडून वसूल करणारच. आपल्याकडे हप्ता गाडीवर ठरतो, चालवणाऱ्याच्या अनुभवावर नाही, हे एजंटाने परोपरीने सांगून पाहिले. अमोलला ते पटले नाही. तीस वर्षांचा हात आणि तीन महिन्यांचा हात एकाच तागडीत तोलणारा व्यापारी त्याने पाहिला नव्हता. म्हणूनच श्वेताचे नाव येऊ द्यायचे नाही, असे त्याने ठरवले होते.

सर्व्हेअरने रुपरावांचे लायसन्स उलटसुलट करून पाहिले.

“काका, हे तर मागच्या वर्षीच संपलं. रिन्यू नाही केलं काय?”



“मग आता?” अमोलने विचारले.

“मग क्लेम नाही बसत, भाऊ.”

“पण नवीन ड्रायव्हर असता तर...?”

“नवीन-जुन्याशी आमाले काय करायचं आहे? लायसन्स चालू पाहिजे. कालचं असलं तरी चालते.”

म्हणजे एजंट खरेच बोलत होता. अमोलने तत्क्षणी बाजू बदलली. “साहेब, मग खरं काय ते सांगतो. गाडी माझी मिसेस चालवत होती. तिचं लायसन्स एकदम कोरं आहे.”

“नाही,” रुपराव म्हणाले. “मी चालवत होतो.”

सर्व्हेअरचे पेन थांबले. “तुम्ही बापलेक आधी ठरवून घ्या, बा.”

अमोलला काही उमजेना. जे वाक्य सकाळी पाच वेळा समजावून गळी उतरवावे लागले, ते आता म्हातारा सोडायला तयार नव्हता. सुनेला वाचवायचे म्हणावे, तर तिचे नाव घेण्यातच आता सर्वांचे भले होते. ज्या खोट्याने कोणाचाच फायदा नाही, ते माणूस का बोलेल?

“बाबूजी, सकाळचं सोडा आता! पैसे बुडतीन नं आपले!”

रुपरावांनी मान खाली घातली. पण शब्द मागे घेतला नाही. वैतागून अमोल बायकोकडे वळला.

“तू तरी सांग नं वं. तूच चालवत होती नं?”

श्वेताने सासऱ्यांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलेना. मग तिने ‘हो’ म्हणण्यापुरता श्वास घेतला.

“थांब, पोरी,” रुपराव म्हणाले. “अमोल, तिले खोटं बोलाले काहून लावतं गा? गाडी मीच ठोकली. मंग माहे हात थरथर कापाले लागले, म्हणून घरापर्यंत तिनं आणली.”