हिरव्या चौकड्यांचा बोळा

"फूटभरच खणा, भिकाजी. या जमिनीला आजवर कुणाचं फावडं लागलेलं नाही," असं बजावून सबनीस चहा आणायला वर गेले. पण तळघरातलं बाथरूम, सांडपाण्याच्या पाइपाला उतार नको? भिकाजीने कोपऱ्यात आणखी हातभर खणलं.

फावड्याला पाइप लागला. अर्धवट टाकलेला, आणि तोंडात माती जाऊ नये म्हणून हिरव्या चौकड्यांच्या लुंगीचा बोळा कोंबलेला.

भिकाजीने फावडं टाकून तो बोळा चाचपला. लुंगी फाडून बोळा कोंबायची सवय त्याच्या उस्तादांची, नूरचाचांची. काम पुरं झालं की चाचा तो स्वतःच्या हाताने उपसून काढायचे, एकदाही विसरले नव्हते. सात वर्षांपूर्वी ते असेच सकाळी कामावर गेले, ते परतलेच नाहीत. कुठल्या कामावर, तेही कुणाला कळलं नव्हतं.

बोळ्यापुढची माती भुसभुशीत होती.

मागे दाराला आतून कडी लागली. सबनीस चहाचा कप सांभाळत सावकाश पायऱ्या उतरले.

"फूटभरच म्हटलं होतं ना," ते हळहळत म्हणाले. "नूरचाचांनाही उताराचंच पडलं होतं."